फ्लॉपीतली मराठी कोण वाचणार?

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो १९९७ च्या दिवाळीत. बाबा आणि त्यांचे बँकेतले एक मित्र पुण्याला जाऊन घेऊन आले, येताना खंबाटकी घाटात मॉनिटर मांडीवर घट्ट धरून बसले होते असं बाबा अजून सांगतात. पेन्टियम १३३, सोळा एमबी रॅम, १.२ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९५, चौदा इंची रंगीत मॉनिटर. आईने जुन्या सिल्कच्या साडीचं कव्हर शिवलं, एक मॉनिटरला, एक कीबोर्डला, आणि त्या खोलीत चपला घालून जायचं नाही हा नियम झाला, तो कोणी केला माहीत नाही पण तेव्हा कॉम्प्युटर असलेल्या सगळ्याच घरांत होता. लाईट जायचे म्हणून यूपीएस घेतला, तो फार तर दहा मिनिटं टिकायचा, त्याची शिट्टी सुरू झाली की घरातलं जे कोणी जवळ असेल त्याने ओरडायचं, सेव्ह कर सेव्ह कर.

नेट त्यानंतर वर्षभराने. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं हे खरं, पण ते आधी मोठ्या शहरांत, आमच्यासारख्या गावात नंबर फिरवायचा म्हणजे पुण्याला एसटीडी कॉल. मग रात्री अकरा वाजायची वाट बघायची, अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. आख्खं घर झोपलेलं आणि मी मोडेमवर उशी दाबून बसलोय, त्याचा तो किंचाळा आजोबांना जाग आणायचा. मग ते उठून यायचे आणि शेजारी स्टुलावर बसायचे, "लागला का?" विचारायचे. लागला की पंधरा मिनिटं, त्यात अमेरिकेतल्या आत्याची मेल उतरवायची, आमची पाठवायची, एखादं पान उघडलं तर चित्र वरून खाली एकेक पट्टी उतरताना बघायचं, आणि बंद. बिल आलं की बाबा हिरव्या पेनाने आमच्या कॉलवर खुणा करायचे.

हे सगळं मी प्रेमाने सांगतोय, आणि माझ्या वयाचे लोक भेटले की आम्ही हेच बोलतो. मोडेमचा आवाज, पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडी, सायबर कॅफेतले प्लायवूडचे कप्पे, हॉटमेलचा पहिला आयडी. पण गेली दोनतीन वर्षं मला एक गोष्ट खात्येय आणि म्हणून लिहायला बसलो. आपण त्या काळाचा आवाज आठवतो, वस्तू आठवतो, पण त्या काळात आपण मराठीत जे लिहिलं त्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की साधारण १९९० ते २००८ या काळात कॉम्प्युटरवर लिहिल्या गेलेल्या मराठीचा फार मोठा भाग आज वाचता येत नाहीये, तो पूर्ण जायच्या आत वाचवणं हे सरकारचं आणि ग्रंथालयांचं काम आहे, हौशी माणसांच्या सुट्टीच्या दिवसांवर सोडायचं काम नाही.

माझ्यापुरतं काय झालं ते आधी सांगतो.

आजोबा प्राथमिक शिक्षक, नोकरीची बरीच वर्षं पाटण तालुक्यात गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तिथेच एका गावात शाळेच्या खोलीत झोपले होते. त्यांनी त्या दिवसाबद्दल आणि पुढच्या सहा महिन्यांबद्दल सगळं लिहून ठेवलं होतं, शाळेच्या दोनशे पानी वह्यांत, कोणाचं घर कसं पडलं, कोणाच्या गोठ्यात कोण सापडलं, कौलं कुठून आली, मदतीचं धान्य कसं वाटलं, मुलं शाळेत परत कधी आली आणि हजेरी घेताना कोणत्या नावांवर ते थांबले. कोयनेचा भूकंप हा जगभरातल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलेला भूकंप आहे, धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतात का या चर्चेत त्याचं नाव आजही पहिल्या काही नावांत येतं. पण एका गावातल्या मास्तराने त्या पहाटे काय पाहिलं हे त्या शोधनिबंधांत कुठे असणार.

१९९८ ते २००० अशी दोन वर्षं सुट्टीत ते सांगायचे आणि मी टाईप करायचो. पुण्यातल्या एका डीटीपीवाल्याने, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्याने, एका फ्लॉपीवर मराठी फॉन्ट दिला होता, त्यात. सोबत कीबोर्डचा तक्ता, झेरॉक्स केलेला, तो मी पुठ्ठ्यावर चिकटवला होता. आजोबांना स्क्रीनवर स्वतःचं नाव देवनागरीत दिसलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं. सगळं मिळून अकरा फ्लॉपी झाल्या, प्रत्येकीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लेबल लावलं. त्यातली तीन प्रकरणं मी एका फुकट जागा देणाऱ्या साईटवर टाकली, वर लिहिलं की वाचता येत नसेल तर आधी हा फॉन्ट उतरवून घ्या. आणि खरंच अमेरिकेतून एका गृहस्थांची मेल आली, त्यांचं आजोळ कोयनेकाठचं, त्यांनी लिहिलं होतं की त्यात आलेलं एक घर आमच्या मामांचं. ती मेल आजोबांनी प्रिंट काढून घ्यायला लावली आणि पोथीच्या कपाटात ठेवली.

आजोबा २००४ ला गेले. वाडा पाडताना वह्यांची पेटी उघडली तर वाळवीने आतून सगळं खाल्लेलं, वरचं पुठ्ठ्याचं कव्हर तेवढं शाबूत. तेव्हा मला फार वाईट वाटलं पण मनात म्हणलं, फ्लॉपी आहेत ना. ती साईट नंतर कधी बंद झाली मला कळलंसुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राईव्ह मागवला आणि बसलो. अकरांपैकी सात वाचल्या गेल्या. फाईल उघडली आणि समोर आलं ते काय, इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोपी घातलेले युरोपातले स्वर, पौंडाची खूण, मधेच चौकोन, परत कंस. पानंच्या पानं. वह्या वाळवीने खाल्ल्या हे मी समजू शकतो. हे मात्र समोर धडधडीत आहे, एकही अक्षर गेलेलं नाही, आणि तरी वाचता येत नाही.

असं का होतं हे थोडं सांगायला पाहिजे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण, बदलला की झालं. त्या काळच्या मराठी फॉन्टचं तसं नव्हतं. कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे एक आकडा. इंग्रजीचे आकडे जगभर ठरलेले. मराठीचे कोणी पाळत नव्हतं, म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली, इंग्रजी आणि युरोपियन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार नेऊन बसवले. म्हणजे फाईलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षर, दिसायला मात्र देवनागरी. त्यात जागा जेमतेम दोनशेच्या आसपास, आणि आपली जोडाक्षरं किती, म्हणून अक्षरांचे तुकडे केले, अर्धा भाग इथे, काना तिथे, उकार वेगळा, रफार वेगळा. "कि" लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी साठायची आणि मग क, कारण दिसायला वेलांटी आधी आहे. कोणता आकार कोणत्या जागेवर हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही वेगळं. तो फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी, काढला की गिचमीड.

आणि हे लिहिताना मला त्या लोकांना दोष द्यायचा नाहीये. उलट. त्या फॉन्टवाल्यांमुळे मराठी छापखाना खिळ्यांतून कॉम्प्युटरवर आला, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये शेकडो माणसांचं पोट पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चाललं, दिवाळी अंक वेळेवर निघाले. बाजाराला तेव्हा जे लागत होतं ते त्यांनी दिलं. प्रमाण ठरवणं हे बाजाराचं कामच नाही. ते ज्यांचं होतं त्यांनी ठरवलंही होतं, हे जास्त लागतं मनाला. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत वाढलेलं जिस्टचं, म्हणजे कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणायचं काम, सगळ्या भारतीय लिप्यांना सारखा असलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड, १९९१ चं इस्की हे भारतीय प्रमाण, ज्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा होता, क म्हणजे क, मग तो कुठल्याही वळणात दिसो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले आकडे देणारं आजचं प्रमाण, त्यातल्या देवनागरीची मांडणी त्या इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे जगाने आपल्याकडचं घेतलं. पण घरोघरी, डीटीपीत, पेपरांच्या साईट्सवर जे चाललं ते फॉन्टच्या युक्तीवरच चाललं, कारण ब्राउझरला इस्की कळत नव्हतं आणि विंडोजमध्ये देवनागरी नीट यायला विंडोज २००० उजाडलं, एक्सपीतसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन टिक मारायची आणि मूळ सीडी परत घालायची, हे किती जणांना माहीत असणार. मराठीला रोज लागणारं ॲ हे अक्षर तर युनिकोडमध्ये आलं २००८ ला. तोवर ॲ कसाही लिहायचे, कोणी अॅ करायचं, कोणी ऍ.

आता यातून एक विचित्र गोष्ट झालीय, मला ती कळली तेव्हा मी रात्रभर तिचाच विचार करत होतो. १९९० च्या दशकात परदेशातली मराठी मुलं युजनेटवर, म्हणजे त्या काळच्या नेटवरच्या चर्चागटांवर, गप्पा मारायची, मराठीचा तिथे स्वतःचा ग्रुप होता, आणि ती सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची. तेव्हा त्यांना लोक नावं ठेवायचे, लिपीचा अभिमान नाही म्हणायचे. युजनेटचा तो साठा गूगलने २००१ मध्ये विकत घेतला आणि त्यातलं जे उरलंय ते आजही कोणीही वाचू शकतं, कारण इंग्रजी अक्षरांचे आकडे तेच राहिले. आणि ज्यांनी हट्टाने, कष्टाने, फॉन्ट विकत घेऊन, तक्ते पाठ करून देवनागरीत लिहिलं त्यांचं लिखाण आज गिचमीड आहे. लिपीवर ज्यांनी जास्त प्रेम केलं त्यांचंच जास्त गेलं. माझे आजोबा त्यातले.

हे फक्त माझ्या घरचं दुखणं असतं तर मी जाहीर लिहिलं नसतं. पण विचार करा काय काय त्या जागी अडकलंय. मराठी पेपरांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी साईट्स काढल्या, उघडलं की आधी फॉन्ट डाउनलोड करा असा निरोप यायचा, नंतर आपोआप उतरणारे फॉन्ट आले तर ते बहुतेक इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायचे. त्या बातम्या आज कुठे आहेत? इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून जगभरातली पानं साठवतंय, २००१ पासून वेबॅक मशीनवर ती सगळ्यांना बघता येतात, तिथे जाऊन जुनं मराठी पान उघडून बघा. पान सापडलं तरी बरेचदा अक्षरं तीच टोपीवाली, कारण फॉन्ट सोबत साठवला गेला नाही. मायबोली ही मराठी साईट १९९६ ला सुरू झाली, तिथल्या लोकांनी जुनं लिखाण टिकवायला किती खटपट केली असेल याची मला आता कल्पना येते. ज्यांच्यामागे असं कोणी नव्हतं त्यांचं काय. लोकांना फुकट पानं करू देणारं जिओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं तेव्हा अर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून जमेल तेवढं उतरवून घेतलं, त्यातही मराठी माणसांनी केलेली पानं असणारच, पण शोधणार कसं? "ज्ञानेश्वर" शोधलं तर सापडणार नाही, कारण त्या फाईलमध्ये ज्ञ नाहीच आहे, तिथे भलतंच अक्षर आहे.

मग प्रकाशक. त्या अठरा-वीस वर्षांत आलेली पुस्तकं छापील आहेत म्हणून ती वाचली असं आपण समजतो, पण पुनर्मुद्रण करायचं म्हणलं की पेजमेकरची फाईल उघडत नाही, सीडीवर चरे पडलेत, ऑपरेटर गावाला गेला, फॉन्टची ती आवृत्ती कोणाकडे नाही, मग आख्खं पुस्तक परत टाईप करा, परत प्रूफ वाचा. छोट्या प्रकाशकाला ते परवडत नाही, म्हणून ते पुस्तक येतच नाही. पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतीचे ठराव, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखितं जी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर झाली, गावोगावच्या जत्रांच्या पत्रिका. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स २००१ ला सुरू झाल्यावर तर तालुक्याच्या गावांत माणसं भराभर टाईप करायला शिकली. त्यांनी काय लिहिलं?

यावर लोक मला म्हणतात, जाऊ दे ना, त्यातलं नव्वद टक्के कामाचं नव्हतंच. असेल. पण कामाचं काय हे आज ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला. पेशवे दफ्तरातले हिशेबाचे कागद ज्या कारकुनाने लिहिले त्याला ते कामाचे वाटले असतील पण इतिहासाचे वाटले नसणार, आणि आज त्याच कागदांवरून धान्याचे भाव आणि माणसांचे रोजगार कळतात. मोडीचं उदाहरण मला इथे फार जवळचं वाटतं. मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत कोट्यवधी कागद मुके झाले. पण मोडीची बाराखडी कोणाच्या मालकीची नव्हती. ती पुस्तकात आहे, शिकवणारे आहेत, शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, चार महिने मन लावलं तर माणूस वाचायला लागतो. फॉन्टमधल्या मराठीची बाराखडी मात्र खाजगी आहे. कोणता आकार कोणत्या आकड्यावर हा तक्ता कंपनीकडे, आणि कंपनी बंद पडली की तक्ता पण गेला. मोडीपेक्षा वाईट अवस्था आहे ही, आणि मोडीला कित्येक शतकं मिळाली होती, याला वीसही नाही मिळाली.

माझ्या फाईलींचा तक्ता मी कसा तयार केला ते सांगतो, म्हणजे किती अडाणी पद्धतीने हे चाललंय ते कळेल. पोथीच्या कपाटात त्या अमेरिकेच्या मेलसोबत पहिल्या प्रकरणाचं एक प्रिंट निघालं, डॉट मॅट्रिक्सवर काढलेलं, फिकट. एक पान. ते शेजारी ठेवलं आणि स्क्रीनवरची गिचमीड त्याच्याशी अक्षर अक्षर जुळवत गेलो, ही टोपीवाली खूण म्हणजे म, ही म्हणजे काना, असं वहीत लिहीत. एका पानात सगळी जोडाक्षरं येत नाहीत, क्ष नव्हता, ठ्य नव्हता, ते अंदाजाने. तीन महिने रोज रात्री तासभर. नेटवर काही चांगल्या माणसांनी बनवलेले फुकट कन्व्हर्टर आहेत, त्यांचे उपकार आहेत, पण ते जास्त चालणाऱ्या फॉन्टचे, माझ्यावाला त्यात नव्हता. ज्यांच्याकडे एकही प्रिंट उरलेलं नाही त्यांनी काय करायचं?

म्हणून मला जे हवंय ते स्पष्ट सांगतो. राज्य सरकारने फॉन्ट बनवणाऱ्या सगळ्यांकडून, चालू असतील त्यांच्याकडून आणि बंद पडलेल्यांच्या वारसांकडून, हे जुने तक्ते मिळवून जाहीर करावेत, लागले तर पैसे देऊन विकत घ्यावेत. फॉन्टचं सुंदर वळण त्यांच्या मालकीचं राहू दे, ते कोणी मागत नाहीये, फक्त कुठल्या आकड्यावर कुठलं अक्षर एवढंच हवंय. आज त्या तक्त्याला बाजारात किंमत नाही, वीस वर्षांपूर्वी होती, त्यामुळे कोणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही, कोणी विचारलंच नाहीये हा प्रश्न आहे. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून तिने लोकांना खुली केली हे फार मोलाचं काम आहे. तिच्याच कामात हे बसतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद मलाही झाला, पण अभिजात म्हणून आपण दोन हजार वर्षं मागे बघतोय आणि पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी हातातून जातेय.

दुसरं कायद्याचं. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची हे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधन आहे, त्यातलं एक ग्रंथालय आपल्या मुंबईत टाऊन हॉलमध्ये आहे. प्रकाशक कितपत पाळतात हा वेगळा विषय, पण निदान कायदा म्हणतो की भाषेत जे छापलं जातं त्याची एक प्रत समाजाकडे राहिली पाहिजे. नेटवरच्या लिखाणाला असं काहीच नाही. फ्रान्सने २००६ मध्ये वेबसाईट्सना हा नियम लावला, ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून, तिथली ग्रंथालयं आता देशातल्या साईट्स नेमाने साठवतात. आपण अजून पुस्तकाच्या पुठ्ठ्याशीच थांबलोय. एखादी मराठी साईट उद्या बंद झाली तर तिचं लिखाण टिकवणं आज कोणाचंच काम नाही, मालकाने वार्षिक भाडं भरलं नाही की संपलं.

इथे एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. लोकांनी तेव्हा विश्वासाने, चार ओळखीच्या माणसांत बोलावं तसं लिहिलं होतं, खरी नावं, घरचे पत्ते, भांडणं, प्रेमं. ते सगळं उचलून उद्या शोधता येईल असं मांडायचं का? नाही मांडायचं. साठवणं आणि दाखवणं या दोन गोष्टी आहेत. लिहिणाऱ्याने काढा म्हणलं की काढलं पाहिजे, खाजगी वाटेल ते काही दशकं बंद ठेवलं पाहिजे, दफ्तरखान्यांत असे नियम आधीपासून असतात आणि ते चालतात. पण बंद ठेवायलासुद्धा आधी ते असलं पाहिजे.

कोणी असंही म्हणतं की आता एआय आहे, तो करेल सगळं वाचून. थोडं करेल, नाही म्हणत नाही. पण ही यंत्रं मराठी शिकतात ती आज वाचता येणाऱ्या मजकुरावरून, आणि त्यात ही वीस वर्षं जवळपास नाहीतच, म्हणजे पाटण तालुक्यातला मास्तर जी मराठी लिहायचा ती त्यांनी वाचलेलीच नाही. आणि बदलताना चूक कुठे होते ती मी डोळ्यांनी बघितलीय. तक्ता तयार झाला, सगळ्या फाईली युनिकोडमध्ये आल्या, मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं तर वाक्य होतं, "आधी दर्यांतून आवाज आला." दर्या म्हणजे समुद्र. कोयनानगरला समुद्र कुठला? आजोबांनी लिहिलं होतं दऱ्यांतून. दोन्ही र ना एकाच खुणेवर टाकलं होतं मी, रफार आणि तो आडवा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो. व्याकरणाला वाक्य दोन्ही बरोबर आहेत, शब्द दोन्ही बरोबर आहेत. ज्याने तो डोंगर बघितलाय तोच थांबतो तिथे. अशा जागा मला त्या सात फ्लॉपींत साडेचारशेच्या वर सापडल्या. म्हणून हे काम इथल्याच माणसांनी केलं पाहिजे, ज्यांना दऱ्या माहीत आहेत.

आणि माणसं आहेत आपल्याकडे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, भूकंपाच्याच वर्षीचा, त्याच्यामुळे आज राज्यात हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, कित्येक खेड्यांत. निदान प्रत्येक तालुक्यातल्या एका वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर, एक यूएसबीचा फ्लॉपी ड्राईव्ह, एक सीडी ड्राईव्ह आणि महिन्यातले दोन दिवस ठेवले तर लोक आपल्या कपाटातलं घेऊन येतील. ड्राईव्ह दोनेक हजारात येतो. पण वेळ नाहीये. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ ला थांबवलं, आत्ता आहेत त्या शेवटच्या, आणि कोकणात तर पावसाळी हवेने फ्लॉपीच्या आतल्या चकतीवर बुरशी धरते, घरी राइट केलेल्या सीडीचंही तसंच, वरचा थर सुटायला लागला की संपलं. माझ्या अकरातल्या चार गेल्याच, त्यात पुनर्वसनाचं प्रकरण होतं, ते आता कुठेच नाही. पाच वर्षं आधी बसलो असतो तर कदाचित निघाल्या असत्या.

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांशी मी बोललो. त्या म्हणाल्या सुरुवात करू, वरून परवानगी यायची तेव्हा येईल. गेल्या दोन रविवारी बसलो. पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी एक निवृत्त ग्रामसेवक आले, पिशवीत तेवीस फ्लॉपी, आणि एक आजी आल्या, त्यांच्या यजमानांच्या कविता आहेत म्हणे एका सीडीत, छापायला दिल्या होत्या १९९९ ला, छापून झाल्या नाहीत, ते गेले. सीडी चालली. फाईल उघडली. माझ्याकडचा तक्ता लावून बघितला तर निम्मी अक्षरं जुळली, निम्मी नाही, फॉन्ट दुसराच निघाला. मी त्यांना विचारलं, एखादी कविता तुम्हाला पाठ आहे का. त्या म्हणाल्या, तीन आहेत. पुढच्या रविवारी त्या तीन म्हणणार आहेत आणि मी एकेक अक्षर जुळवत जाणार आहे.